मॅम टॉर : डोंगर बरा, मोडका रस्ता भारी

परत आल्यापासून रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या कंपूत एकच प्रश्न चाललाय, "काय साहेब, लंडन कसं वाटलं?" लंडन मी विमानतळाच्या काचेतून बघितलं. लेक शेफिल्डला असते, त्यामुळं मुक्काम सगळा तिकडं. तिथल्या सहा महिन्यांत मी एकाच डोंगरावर दोनदा गेलो. त्याचं नाव मॅम टॉर. आपल्याकडची बरीच पोरं आता तिकडं असतात, आईबाप चार-सहा महिने राहायला जातात, आणि शनिवार-रविवार आला की "आज पप्पांना कुठं न्यायचं" हा प्रश्न घरात उभा राहतो. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

उंची आधीच सांगून टाकतो, नंतर कुरकुर नको. 517 मीटर. आपलं कोल्हापूर शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे बिंदू चौकात आपण चहा पीत उभे असतो, तेव्हा मॅम टॉरच्या शेंड्यापेक्षा वर असतो. पन्हाळा तर तीन हजार फुटांच्या पुढं. हे मी गाडीतच बोलून दाखवलं, तर जावई म्हणाले, "पप्पा, वर गेल्यावर हे कुणाला सांगू नका." पण पायथ्याचं कॅसलटन गाव बरंच खोलात आहे आणि डोंगरावर झाड औषधालासुद्धा नाही. नुसतं गवत. त्यामुळं खालून बघितला तर ऐटबाज दिसतो.

जागा डर्बीशायरमध्ये, पीक डिस्ट्रिक्टात. हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1951 सालचं. उद्यान म्हटल्यावर मला वाटलं दाजीपूरसारखं काहीतरी असेल, गेट असेल, गवे असतील. तसलं काही नाही. आत गावं आहेत, शेतं आहेत, मेंढरं आहेत, आणि दगडावर दगड रचून केलेले गडगे मैलोन्‌मैल गेलेत. चुना नाही, सिमेंट नाही, आणि सरळ रेषेत. गडगा बघून मला त्या लोकांबद्दल आदर वाटला तो शेवटपर्यंत टिकला.

नावाची गंमत ऐका. मॅम टॉर म्हणजे आई डोंगर. पूर्वेकडच्या अंगानं तो सारखा ढासळतो आणि ढासळलेल्या मातीच्या बारक्या टेकड्या पायथ्याला साठत राहतात. ती त्याची पोरं, म्हणून तो आई. दुसरं नाव थरथरता डोंगर. लेकीनं हे सांगितल्यावर आमची सौ. म्हणाली, "मग आधी सांगायचं न्हाई व्हय? अंबाबाईच्या गावची माणसं आपण, ओटीचं सामान तरी आणलं असतं."

पहिल्या खेपेला ऑक्टोबरात गेलो, चौघं, गाडीनं. गाडी डोंगराच्या खिंडीजवळ लावायची. ही सगळी जागा नॅशनल ट्रस्ट ही तिकडची जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणारी संस्था सांभाळते, पार्किंगला पैसे पडतात, त्यांच्या सभासदांना माफ. डोंगराला तिकीट नाही. आम्ही साडेनऊला पोचलो तर शेवटच्या चार जागा राहिल्या होत्या. दहानंतर येणारे लोक रस्त्याच्या कडेला गाडी घुसवायला जागा शोधत होते आणि एकमेकांकडं फार सभ्यपणे रागानं बघत होते. सकाळी लवकर जा.

तिथून वर जायला दगडी पायऱ्या आहेत. चढ शंभर मीटरसुद्धा नसेल. जोतिबाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला हे काहीच नाही. पण वारा! खिंडीत पाय ठेवला आणि सौ.चा पदर, स्कार्फ, स्वेटरची बाही, सगळं एकाच दिशेला. "मी न्हाई येत वर, मी हितं गाडीतच बसतो," म्हणाली. लेकीनं दंडाला धरून नेलं. वीस मिनिटांत सगळे वर. आमच्या पुढं एक आजी होत्या, पंचाहत्तरीच्या तरी असतील, हातात दोन काठ्या, आणि त्या दोनदा थांबून आम्हाला वाट देऊन गेल्या.

वर उंचीचा खांब आहे, त्याला हात लावून फोटो काढायचा. उत्तरेला एडेलची दरी आणि तिच्यामागं किंडर स्काउटचं लांबलचक काळपट पठार, 636 मीटर. दक्षिणेला कॅसलटन. आणि पूर्वेला, सगळ्या हिरव्या चित्राच्या मधोमध, सिमेंटचा कारखाना. चिमणी, धूर, सगळं रीतसर. होप गावचा हा कारखाना 1929 सालचा, म्हणजे राष्ट्रीय उद्यान व्हायच्या आधीपासूनचा, आणि उद्यान झाल्यावरही तो तिथंच राहिला. फोटो काढणारी मंडळी तो चौकटीबाहेर ठेवायला वाकडी-तिकडी उभी राहत होती. मी मुद्दाम तो मध्ये धरून फोटो काढला. आयुष्यभर सिमेंटच्या पोत्यांवर बसून डबा खाल्लेल्या माणसाला चिमणीचं वावडं कसलं.

किल्ला आहे असं ऐकून गेलात तर निराश व्हाल. बुरूज नाही, तट नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राँझयुगात आणि पुढं लोहयुगात लोक इथं राहिले, माथ्याभोवती त्यांनी मातीचा बांध घातला, चर खणला. आज दिसतो तो गवतानं झाकलेला उंचवटा. वस्तीच्या झोपड्यांसाठी उतारावर सपाट केलेल्या जागाही आहेत, शंभराच्या वर, पण दाखवल्याशिवाय दिसत नाहीत. मला प्रश्न पडला की या वाऱ्यात ही माणसं का राहिली असतील? आणि दुसरा, जास्त महत्त्वाचा, की तटाचा काही भाग दरडीबरोबर गेला तेव्हा दुरुस्तीचा अंदाज कुणी केला असेल?

खाण्याचं सामान घरून न्या. वर टपरी नाही, भजी नाही, कणीस नाही, काहीही नाही. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोल्हापूरहून नेलेल्या भडंगाची पिशवी नेली होती. दशमी-चटणी झकास. भडंगाची पिशवी जावयांनी उघडली आणि अर्धा भडंग आमच्या डोळ्यांदेखत डर्बीशायरच्या हवेत गेला. एक कुत्रं धावत आलं, हुंगलं, लसूण लागल्यावर मागं सरलं. त्याच्या मालकानं आमचीच माफी मागितली.

इथपर्यंतचं सगळं ठीक होतं. बरं होतं. "आणि आता रस्ता बघायला जायचंय," असं जावई म्हणाले तेव्हा मला वाटलं चेष्टा करतायत. माझी पस्तीस वर्षं रस्त्यावर गेली. ओव्हरसियर म्हणून चिकटलो, शाखा अभियंता म्हणून उतरलो, आणि त्यातली निम्मी वर्षं घाटात. सुट्टीत मला रस्ता दाखवायचा म्हणजे हलवायाला पेढा दाखवण्यातला प्रकार. पण हा रस्ता वेगळाच निघाला.

मॅम टॉरच्या ढासळत्या अंगाखालून एक हमरस्ता जात असे, ए 625, शेफिल्डकडून पश्चिमेला जाणारा. मूळ रस्ता 1819 साली एका टोल कंपनीनं काढला. त्याआधी वाहतूक शेजारच्या विनॅट्स पास नावाच्या अरुंद खिंडीतून चालायची, आणि तिथली चढण घोड्यांचा जीव काढणारी. कंपनीला सोपा चढ हवा होता. तो मिळाला, कारण हजारो वर्षांच्या दरडीनं डोंगराच्या पायथ्याला आयता मऊ उतार करून ठेवला होता. त्याच उतारावरून त्यांनी वळण घेत रस्ता नेला. म्हणजे चाललेल्या दरडीच्या पाठीवर रस्ता बांधला.

डोंगराची घडणच तशी आहे. वरच्या अंगाला वाळूदगडाचे आणि शेलचे थर एकाआड एक. शेल म्हणजे पापुद्र्यांचा मऊ दगड, नखानं सुटतो. त्याच्या खालीही पुन्हा शेलच. पाणी वाळूदगडातून मुरतं, शेलपाशी येऊन अडतं, शेल भिजते, आणि वरचं ओझं हळूहळू घसरायला लागतं. ही घसरण चार हजार वर्षांपूर्वी सुरू झाली आणि अजून चालू आहे. जिथं वेग जास्त, तिथं वर्षाला पाव मीटरपर्यंत. ओला हिवाळा आला की जास्त पळते. मोठा पाऊस पडून गेल्यावर चार दिवसांनी घाटातून फोन यायचा, त्याचं कारण हेच असायचं. पाऊस थांबला म्हणून आपण निवांत होतो, आणि पाणी आत पोचायचं काम तेव्हा चाललेलं असतं.

दीडशे वर्षं तिकडच्या खात्यानं तो रस्ता भरला, बांधला, परत भरला. 1977 साली एकेरी केला. 1979 साली कायमचा बंद केला आणि तसाच सोडून दिला.

टोल कंपनीचा रस्ता शेवटी डोंगरानं गिळला, हे मी सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, "डोंगर कोल्हापूरचा दिसतोय." टोल घालवून दाखवलेल्या गावचं माणूस दुसरं काय बोलणार.

कॅसलटनकडून चालत गेलं की सुरुवातीला साधा डांबरी रस्ता आहे. मग डांबराला लाटा येतात. मग पांढरी पट्टी मधेच तुटते आणि पुढचा तुकडा कमरेएवढा खाली, तिरका. पुढं तर सगळा रस्ताच पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलाय. कडेचं भगदाड बघितलं आणि मी तिथं बसकण मारली. डांबराचा छेद उघडा पडलाय. कापलेल्या केकसारखे थर. डांबर, खडी, डांबर, भराव, परत डांबर. सातपर्यंत मोजले, पुढं चष्म्यावर पाणी आलं, वाऱ्यानं. प्रत्येक थर म्हणजे एक तातडीचं पत्र, एक टेंडर, एक एम.बी. म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, एक बिल, आणि "यंदा टिकतंय बघा" म्हणणारा एक माणूस.

माझ्याकडं असं एक वळण होतं. घाटाचं नाव सांगत नाही. अकरा पावसाळे मी ते भरलं. गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत भरलेले दगड, लावले, गटर काढलं, खालून भिंत उचलली. दर जुलैला भिंत पोट काढायची आणि ऑगस्टला रस्ता वीतभर खाली. आमचा एक मैलकुली होता, शाळेत गेला नव्हता, तो एकदा फावड्यावर हनुवटी टेकून म्हणाला, "साहेब, त्याला बसायचंय आणि तुम्ही त्याला सारखं उठवताय." मी हसलो होतो आणि त्याच दिवशी बाराव्यांदा अंदाजपत्रक करायला घेतलं होतं. "हा भाग सोडून द्यावा" असं वाक्य मी पस्तीस वर्षांत एकाही फाईलवर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वरून फोन आला असता, तो भाग वेगळा.

इंग्रज शहाणे आणि आपण खुळे, असं मात्र म्हणायचं नाही मला. त्यांच्याकडं विनॅट्स पास होता. 1819 साली ज्या खिंडीला कंटाळून नवा रस्ता काढला, त्याच खिंडीत 1979 नंतर वाहतूक परत गेली. मोठ्या जड गाड्यांना तिथं बंदी, त्यांनी लांबचा वळसा घ्यायचा. आमच्या वळणापलीकडं सहा वाड्या, एक एसटी आणि सकाळची दुधाची गाडी होती, दुसरी वाट नव्हती. कुठल्या तोंडानं सोडून द्या म्हणणार? 2021 च्या जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला तेव्हा काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. गड तिथंच, माणसं तिथंच, मग रस्ता करावाच लागतो.

तरीसुद्धा. मोडका रस्ता त्यांनी उखडून नेला नाही, पत्रे मारून झाकला नाही. लोक त्यावरून फिरतात, पोरं उड्या मारतात. मी बसलो होतो तेव्हा कॉलेजची वीस-पंचवीस मुलं शिक्षकांबरोबर आली, एकानं भेगेत टेप सोडला. मला उठून मदत करायचा मोह झाला. सौ.नं बाही धरली.

त्याच रस्त्याला लागून ओडिन नावाची शिशाची जुनी खाण आहे. खाणीचं तोंड म्हणजे डोंगराला पडलेली चीर, त्यात विशेष काही नाही, पण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गवतात एक गोल लोखंडी पट्टा आणि त्यावर उभं मोठं दगडी चाक आहे. घोडा जुंपून ते फिरवायचं आणि खाणीतला दगड चिरडायचा. मी लांबूनच ओळखलं. आपल्या गडांवर असते ती चुन्याची घाणी! पट्टा लोखंडी आणि बैलाच्या जागी घोडा, एवढाच फरक. सौ. चाकाला हात लावून म्हणाली, "हे सोडून आपल्यासारखं हितं काय न्हाई बघा."

आता विनॅट्स पास. नावाचा अर्थ वाऱ्याचे दरवाजे. दोन्ही बाजूंनी चुनखडीचे उभे कडे आणि मधून पाचास एक चढाचा रस्ता, म्हणजे पाच मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. गाडीतून जाताना चालवणाऱ्यानं बघायचं नाही आणि बघणाऱ्यानं बोलायचं नाही, असा आमच्या जावयांचा नियम. पायी जायचं तर रस्त्याच्या कडेचं गवत धरून चाला, गाड्या अंगाला घासून जातात. देखावा पहिल्या नंबरचा. माझ्या मते डोंगरापेक्षा देखणा.

गावात खाण्यापिण्याचं फार काही सांगण्यासारखं नाही. एका चहाच्या दुकानात स्कोन नावाचा प्रकार घेतला, वर साय आणि जाम. साय चांगली, स्कोन म्हणजे दुधाशिवाय न उतरणारी नानकटाई, चहा कोमट. पैसे रुपयांत मोजले तेव्हा सौ.नं उरलेला जाम बोटानं संपवला. ब्लू जॉनची दुकानं मात्र बघा. जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा हा दगड याच परिसरातल्या गुहांमधून निघतो. सौ.नं कानातल्यांची किंमत विचारली आणि गुजरीतल्या भावाशी ताडून खाली ठेवली. गावावरच्या सुळक्यावर पेवरिल किल्ला आहे, बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीनं बांधलेला चौकोनी बुरूज त्यात उभा आहे. पन्हाळ्याच्या एका कोपऱ्यात मावेल. खाली पीक कॅव्हर्नचं तोंड एवढं थोरलं की त्याच्या आत शेकडो वर्षं दोरखंड वळणारी कुटुंबं राहिली, घरं बांधून. पावसात दोर भिजत नाही आणि लांबी मिळते, असा साधा हिशोब. ते मला पटलं.

दुसऱ्या खेपेला मार्चमध्ये गेलो, परतीच्या आधी आठवडाभर. एकटाच. शेफिल्डहून रेल्वेनं एडेल, अर्ध्या तासाच्या थोडं पुढं. गाडीवाला मिळाला नाही तरी या वाटेनं जा, उलट हीच वाट जास्त चांगली. एडेलहून शेतांतून चढत हॉलिन्स क्रॉस नावाच्या खिंडीत यायचं आणि तिथून धारेधारेनं मॅम टॉरला. धारेवर मोठ्या फरशा टाकल्यात, पाय चिखलात जात नाहीत. एडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा तिथले लोक मयत खांद्यावर घेऊन याच खिंडीतून कॅसलटनला जायचे. मी रिकाम्या हातांनी चढलो तरी दोनदा बसलो.

समोर किंडर स्काउट सगळा वेळ दिसत राहतो. 24 एप्रिल 1932 ला शेकडो कामगार पोरं जमीनमालकांनी शिकारीसाठी राखलेल्या त्या पठारावर मुद्दाम घुसली, कारण सुट्टीच्या दिवशी डोंगरावर फिरायलाही बंदी होती. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. आज मी कुणाला न विचारता, फाटकं उघडत-लावत, कुणाच्याही शेतातून चाललो. फाटक लावायला मात्र विसरू नका, मेंढरं बाहेर जातात.

त्या दिवशी सकाळी दरीत धुकं भरलं होतं आणि धार वर उघडी. पन्हाळ्यावर आपण धुक्यात असतो, आपल्यालाच काही दिसत नाही. इथं धुकं खाली दुधासारखं साचलेलं आणि आपण काठावर. सिमेंटच्या कारखान्याची फक्त चिमणी वर आली होती. वर चाळीस लोक कॅमेरे लावून बसलेले, एवढे शांत की मला खोकायचीही लाज वाटली.

पाचपैकी किती, तर डोंगराला साडेतीन, विनॅट्सला चार, चहाला एक, मोडक्या रस्त्याला पाच. गुडघे दुखत असतील तर डोंगर सोडा, कॅसलटनहून थेट रस्त्यावरच जा, फार चढ नाही. चपला घालून जाऊ नका, अगदी कापशीच्या असल्या तरी. कानटोपी घ्या. फोटो मी आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर टाकला, तर पाच मिनिटांत एकाचं उत्तर, "हे गगनबावड्याचं का? कुणाची सेक्शन?"

धारेवरून उतरून मी परत त्या भेगेपाशी गेलो. ऑक्टोबरात माझ्याकडं टेप नव्हता, म्हणून वीत लावून बघितली होती आणि खिशातल्या डायरीत नोंद केली होती. पांढऱ्या पट्टीच्या तुटल्या जागी, एक वीत. मधला हिवाळा ओला गेला होता. मार्चला परत लावली. एक वीत, चार बोटं. तारीख घालून लिहिलं, आणि सवयीनं खाली सहीसाठी जागा सोडली.